कवटीच्या तळाची मोठी गाठ : शस्त्रक्रियेच्या मार्गाची निवड



शस्त्रक्रिया म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम सुरी उभी राहते. मेंदूच्या शल्यविशारदाच्या मनात मात्र सुरीच्या आधी वाट येते. गाठ कशी काढावयाची, हा त्याच्यापुढील दुसरा प्रश्न असतो. तिथवर कोणत्या वाटेने जावयाचे, हा पहिला. कवटीच्या तळाशी वाढलेल्या मोठ्या गाठींच्या बाबतीत तर या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णाचे पुढील सारे आयुष्य अवलंबून असते. या निवडीमागील विचार काय असतो आणि खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा त्याच्याशी संबंध कोणता, हे समजावून देणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

वाड्याला जसे जोते, तसा मेंदूला कवटीचा तळ. मात्र हे जोते सलग नाही. त्याला लहानमोठी छिद्रे आहेत आणि त्यांतून मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या वर येतात, तर डोळे, चेहरा, कान, जीभ आणि घसा यांच्याकडे जाणारे मज्जातंतू खाली उतरतात. या भागातील पुष्कळ गाठी कर्करोगाच्या नसतात. त्या सावकाश वाढतात आणि शरीरात अन्यत्र पसरत नाहीत. हाताच्या किंवा पाठीच्या त्वचेखाली अशी गाठ असती, तर ती अर्ध्या तासात काढून रुग्णाला घरी पाठविता आले असते. गाठीचा स्वभाव सौम्य, पण तिचे शेजार मोलाचे, ही येथील खरी अडचण होय.

या गाठींचे प्रकार अनेक आहेत. त्यांपैकी एकाच प्रकाराचा सविस्तर विचार केला, तर बाकीच्यांचे तत्त्वही ध्यानात येईल. हा प्रकार म्हणजे श्रवण व तोल यांच्या मज्जातंतूवर वाढणारी गाठ. तिला पूर्वी अकूस्टिक न्यूरोमा म्हणत. आज शास्त्रीय ग्रंथांत वेस्टिब्युलर श्वानोमा हे नाव रूढ आहे. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक ते दोन जणांत ती आढळते. म्हणजे हा काही घरोघरचा रोग नव्हे. परंतु मोठ्या जिल्ह्याची लोकसंख्या लक्षात घेतली, तर तो अगदी दुर्मिळही म्हणता येत नाही.

गाठ कोठे वाढते

कानामागे, कवटीच्या आत, एक अरुंद कोपरा आहे. त्याच्या एका बाजूस कानाचे कठीण हाड, मागे लहान मेंदू आणि आतल्या बाजूस मस्तिष्कस्तंभ असतो. श्वास, हृदयाची गती आणि शुद्धी यांचे नियंत्रण याच स्तंभातून होते. या कोपऱ्यातून दोन मज्जातंतू शेजारी शेजारी निघून हाडातील एका चिंचोळ्या बोगद्यात शिरतात. सातवा मज्जातंतू चेहऱ्याचा. पापणी मिटणे, हसणे, तोंडात पाणी धरणे ही त्याची कामे. आठवा श्रवणाचा आणि तोलाचा. गाठ उगवते ती बहुधा आठव्याच्या तोल सांभाळणाऱ्या शाखेच्या आवरणावर.

गाठ बोगद्यात असते तोवर तिची लक्षणे किरकोळ वाटतात. एका कानाने कमी ऐकू येते, कानात गुणगुण होते, अंधारात चालताना थोडे डगमगल्यासारखे होते. गाठ बोगद्याबाहेर येऊन कोपरा भरू लागली की चेहऱ्याच्या संवेदनेचा पाचवा मज्जातंतू दबतो आणि गालाला बधिरता येते. पुढे लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ यांवर दाब पडतो आणि चाल बिघडते. अखेरीस मेंदूतील पाण्याचा वाहता मार्ग तुंबतो. डोके दुखते, उलट्या होतात आणि दृष्टी अंधूक होऊ लागते. सर्वसाधारणपणे तीन सेंटिमीटरहून अधिक व्यासाच्या गाठीला मोठी म्हणतात. लिंबाएवढ्या आकाराची ही गाठ ज्या जागेत वाढलेली असते, तेथे निसर्गाने एका लिंबाच्या फोडीपुरतीही मोकळी जागा ठेवलेली नाही.

शंभर वर्षांतील तीन प्रश्न

या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे एकामागून एक बदलत गेलेल्या तीन प्रश्नांचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रश्न एकच होता : रुग्ण जगेल काय? त्या काळी शल्यविशारद कवटी उघडून बोटाने गाठ उपसून काढीत आणि बहुसंख्य रुग्ण दगावत. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. संपूर्ण गाठ काढण्याचा हट्ट सोडून, तिच्या आतील गर काढावा आणि बाहेरचे आवरण तसेच राहू द्यावे, अशी त्यांची रीत होती. तिने मृत्यूचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवर आले. परंतु राहिलेल्या आवरणातून गाठ पुन्हा वाढे. त्यांचेच एकेकाळचे सहकारी वॉल्टर डँडी यांनी १९२० नंतरच्या दशकात आवरणासह संपूर्ण गाठ काढण्याची पद्धत सिद्ध केली. तिची किंमत मात्र रुग्णाचा चेहरा चुकता करी. सातवा मज्जातंतू बहुधा वाचत नसे.

गाठीच्या पृष्ठभागावरून मस्तिष्कस्तंभाकडे जाणाऱ्या एका लहान रोहिणीचे महत्त्व १९४९ मध्ये अॅटकिन्सन यांनी दाखवून दिले. शस्त्रक्रिया वरकरणी यशस्वी होऊनही काही रुग्ण का दगावतात, याचा उलगडा त्यातून झाला. ती रोहिणी बंद झाली की मस्तिष्कस्तंभाच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो. १९६० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिस येथील कानाचे शल्यविशारद विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शक आणि हाड कोरण्याचे वेगवान यंत्र यांच्या साहाय्याने कानाच्या हाडातून जाणारा मार्ग प्रचारात आणला. आता दुसरा प्रश्न पुढे आला : रुग्णाचा चेहरा वाचेल काय? त्यानंतर सी. टी. स्कॅन व एम. आर. आय. यांच्यामुळे गाठी लहान असतानाच दिसू लागल्या आणि तिसरा प्रश्न उभा राहिला : रुग्णाचे ऐकणे टिकेल काय?

भारतात या शास्त्राची पायाभरणी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. जेकब चँडी यांनी आणि त्यापाठोपाठ मद्रासमध्ये डॉ. बी. राममूर्ती यांनी केली. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. आज मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत या शस्त्रक्रिया होतात. तथापि आपल्याकडील रुग्ण अजूनही बऱ्याचदा गाठ मोठी झाल्यावरच रुग्णालयात पोहोचतो. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे साधन हाताशी असूनही पुष्कळदा उत्तर द्यावे लागते ते पहिल्या दोन प्रश्नांचे.

तीन वाटा

या कोपऱ्यात जावयाच्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली वाट कानाच्या वरून जाते. मेंदूचा बाजूचा भाग हलकेच उचलून बोगद्याचे छत उघडले जाते. ऐकणे टिकविण्यास ही वाट चांगली, पण ती फक्त लहान गाठींसाठी. मोठी गाठ या खिडकीतून काढणे धोक्याचे असते. गाठ मोठी झाली की ही वाट बहुधा बंद होते आणि रुग्णाला त्याची कल्पनाही नसते.

दुसरी वाट कानाच्या मागून जाते. कानामागील मोठ्या शिरेच्या पलीकडे कवटीला लहानसे द्वार पाडले जाते. मेंदूभोवतीचे पाणी थोडे वाहू दिले की लहान मेंदू सैल होऊन मागे सरतो आणि कोपरा दिसू लागतो. कोणत्याही आकाराच्या गाठीसाठी ही वाट वापरता येते. मस्तिष्कस्तंभ व रोहिण्या यांचे दर्शन चांगले होते आणि अंतर्कर्ण शाबूत राहत असल्याने श्रवणाची आशाही राहते. मात्र लहान मेंदू बाजूला धरून ठेवावा लागतो, बोगद्याचे अगदी टोक सहज दिसत नाही आणि काही रुग्णांना नंतर दीर्घकाळ डोकेदुखीचा त्रास होतो.

तिसरी वाट अंतर्कर्णातून जाते. कानामागील हाड आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या कोरून काढीत शल्यविशारद समोरूनच गाठीवर येतो. मेंदूला फारसे हलवावे लागत नाही, कारण जागा केली जाते ती हाडातून. बोगद्याच्या टोकाशी, जेथे गाठीने अजून चेहऱ्याचा मज्जातंतू विस्कटलेला नसतो, तेथेच तो आरंभी ओळखता येतो. हा या वाटेचा मोठा लाभ होय. परंतु त्या कानाचे ऐकणे कायमचे जाते. त्यात तडजोड नाही. शिवाय उघडलेली पोकळी रुग्णाच्या पोटावरील चरबीने भरून काढावी लागते आणि मेंदूभोवतीचे पाणी पाझरू नये म्हणून दक्षता घ्यावी लागते.

आता वाट निवडावयाची कशी? शल्यविशारदाच्या आवडीचा आणि सवयीचा त्यात भाग असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या वाटेचा सराव अधिक, तीच त्याच्या हातून अधिक सुरक्षित ठरते. परंतु त्यापलीकडे काही प्रश्न प्रत्येक रुग्णाबाबत विचारावेच लागतात. गाठ केवढी आहे, आणि तिचा मोठा भाग बोगद्यात आहे की स्तंभाकडे? त्या कानाला उपयोगी पडेल असे ऐकू येते काय? दुसरा कान कसा आहे? मोठी शीर पुढे सरकलेली आहे काय, किंवा हाड इतके अरुंद आहे काय की अंतर्कर्णातून जाण्यास जागाच नाही? पाणी तुंबले आहे काय? आणि रुग्णाचे वय व प्रकृती कशी आहे?

एक गाठ, तीन माणसे

उदाहरणादाखल तीन रुग्णांची कल्पना करावी. तिघांचीही गाठ साडेतीन सेंटिमीटरची. पहिली पंचेचाळीस वर्षांची शिक्षिका. तिच्या गाठीच्या बाजूच्या कानाने ऐकणे पूर्वीच सोडले आहे. दुसरा कान उत्तम आहे. अंतर्कर्णातून जाण्याने जे जावयाचे, ते तिच्याजवळ उरलेलेच नाही. ती वाट तिला योग्य ठरू शकते, कारण तिच्यासाठी वाचवावयाची मुख्य गोष्ट म्हणजे मस्तिष्कस्तंभ आणि त्याखालोखाल चेहरा. कानामागची वाटही चूक ठरणार नाही. येथे शल्यविशारदाचा अनुभव कौल देईल.

दुसरा तीस वर्षांचा शेतकरी. लहानपणी कान फुटून त्याचा एक कान कायमचा निकामी झाला आणि गाठ वाढली ती नेमकी चांगल्या कानाच्या बाजूला. त्याच आकाराची गाठ, पण येथे अंतर्कर्णातून जाणे म्हणजे त्याला दोन्ही कानांनी बहिरा करणे होय. कानामागून जाऊन, गाठ आतून रिकामी करून, मस्तिष्कस्तंभावरील दाब कमी करावयाचा आणि श्रवणाच्या तंतूला चिकटलेला भाग मुद्दाम ठेवावयाचा, असा निर्णय येथे शहाणपणाचा ठरू शकतो. तरीही एवढ्या मोठ्या गाठीत ऐकणे टिकण्याची शक्यता थोडी असते, हे त्याला व त्याच्या घरच्यांना आधीच सांगितले पाहिजे.

तिसरे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हृदयविकार आहे. पाणी तुंबल्यामुळे चालता येत नाही आणि विस्मरण होते. त्यांच्या बाबतीत मेंदूतील पाणी बारीक नळीने पोटात वळविण्याची छोटी शस्त्रक्रिया, आणि जरूर पडली तरच गाठीचा काही भाग काढणे, एवढेच इष्ट ठरेल. गाठ तीच. पण वाचवावयाची वस्तू प्रत्येकाची निराळी, म्हणून वाटही निराळी. मार्गाची निवड म्हणजे वस्तुतः काय राखावयाचे याचीच निवड होय.

कोठे थांबावे

वाट निवडली म्हणजे निर्णय संपले असे नव्हे. गाठ आतून पोखरली जाते आणि मग, संत्र्याच्या फोडी काढून साल आत दुमडावी तसे, तिचे आवरण आत वळवून शेजारच्या भागांपासून सोडविले जाते. मोठ्या गाठीवर चेहऱ्याचा मज्जातंतू ताणला जाऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखा चपटा झालेला असतो. नुसत्या डोळ्यांनी तो गाठीपासून वेगळा ओळखणे कठीण. म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक तारा बसविलेल्या असतात. तंतूला धक्का लागला की यंत्रातून आवाज येतो. सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने तंतू शोधूनही काढता येतो.

एवढे करूनही कित्येकदा शेवटचा पापुद्रा तंतूला किंवा मस्तिष्कस्तंभाला घट्ट चिकटलेला असतो. तो ओढून काढला तर गाठ संपूर्ण निघाल्याचे समाधान शल्यविशारदाला मिळेल, आणि रुग्णाला मिळेल तो आयुष्यभर न मिटणारा डोळा. म्हणून आज अनेक ठिकाणी तो पापुद्रा ठेवला जातो आणि पुढे ठराविक काळाने एम. आर. आय. करून त्यावर नजर ठेवली जाते. तो वाढू लागला, तर नेमक्या रोखाने दिलेल्या किरणोपचाराचा उपयोग होतो. स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी ही कल्पना १९५१ मध्ये मांडली आणि तिचा विकास गॅमा नाइफ या यंत्रात झाला. कुशिंग यांनी निरुपायाने जे केले, ते आज विचारपूर्वक केले जाते, कारण उरलेल्या भागाची काळजी घेण्याचे साधन हाती आले आहे. मात्र स्तंभावर दाब आणणारी मोठी गाठ केवळ किरणांवर सोपविता येत नाही. किरणांनंतर ती काही काळ फुगू शकते आणि तेवढी जागा तिथे नसते. लहान गाठींना किरणोपचार, किंवा वाढ होत नसल्यास नुसते निरीक्षणही, पुरेसे ठरू शकते.

गावातील माणसाचे काम

या साऱ्याचा पंचायत सदस्यांशी व शिक्षकांशी संबंध काय, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवेल. संबंध असा की, शल्यविशारदापुढे किती वाटा खुल्या राहाव्यात, हे रुग्णालयात नव्हे तर त्याआधी गावात ठरते. फोन नेहमीच्या कानाला लावणारा माणूस हळूहळू तो दुसऱ्या कानाला लावू लागतो. विचारल्यास सांगतो, की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका कानाचे ऐकणे वाढत्या प्रमाणात कमी होणे, त्याच कानात सतत गुणगुण होणे, किंवा एका कानाला एकाएकी ऐकू न येणे, यांपैकी काहीही असल्यास वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नये. बहुतेकांच्या बाबतीत कारण साधे निघेल. मळ, कानाचा पडदा फाटणे, जुना पू किंवा आवाजाचा परिणाम. घाबरण्याचे प्रयोजन नाही. पण श्रवणचाचणीत दोन कानांत स्पष्ट फरक आढळला आणि त्याचे कारण सापडले नाही, तर एम. आर. आय. करून घेणे अगत्याचे आहे.

खर्चाच्या भीतीने रुग्ण घरी राहतो, हेही खरे आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राज्याच्या योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचाही अंतर्भाव आहे. कोणते उपचार कोणत्या रुग्णालयात होतात, याची चौकशी योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते. कुटुंबाला ही चौकशी करून देणे, कागदपत्रे जुळवून देणे आणि पहिल्या प्रवासाला कोणीतरी सोबत पाठविणे, एवढे काम पंचायत सदस्य सहज करू शकेल.

रुग्ण शस्त्रक्रिया करून परतल्यावरही गावाचे काम संपत नाही. काही काळ त्याचा चेहरा एका बाजूला वाकडा असू शकतो. डोळा पूर्ण मिटत नाही. त्याला वारे गेले असे समजून कोणी तेल चोळू लागतो, तर शाळेत रुग्णाच्या मुलाला चिडविले जाते. तंतू शाबूत असल्यास चेहऱ्यात अनेक महिन्यांनी सुधारणा होऊ शकते. तोवर डोळा कोरडा पडू नये म्हणून दिलेले थेंब व मलम नियमित वापरणे आणि रात्री डोळा झाकून ठेवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे असते. कारण कोरड्या डोळ्याच्या बुबुळाला जखम झाली, तर मेंदूची शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही दृष्टी जाऊ शकते. नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखा स्राव येणे, ताप, मान ताठ होणे ही लक्षणे दिसताच मात्र रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात परत नेले पाहिजे.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या घरच्यांनी डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्न बहुधा एकच असतो : गाठ पूर्ण निघेल ना? त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे. ही वाट का निवडली, आणि या वाटेने गेल्यास काय राहील व काय जाईल? चांगला शल्यविशारद या प्रश्नांनी रागावत नाही. तो स्वतः रात्री स्कॅनचे चित्र समोर ठेवून हेच प्रश्न स्वतःला विचारीत असतो. त्याच्यापुढे एकऐवजी तीन वाटा खुल्या ठेवणे मात्र त्याच्या हाती नाही. ते त्या माणसाच्या हाती आहे, ज्याने शेजाऱ्याला फोन दुसऱ्या कानाला लावताना प्रथम पाहिले.